मुठीचं माप

१

मी घड्याळं दुरुस्त करते. घराच्या पुढच्या खोलीत दुकान, मागच्या खोलीत ताई आणि मी, मध्ये दार नाही, नुसता पडदा. दुकानात भिंतभर घड्याळं लटकलेली, आणि त्यातल्या एकाचंही दुसऱ्याशी पटत नाही. गिऱ्हाइकं विचारतात, "बाई, या टिकटिकीत तुम्हाला झोप कशी लागते?" मी सांगते, "टिकटिक थांबली तरच मला जाग येते." हे मी गमतीने म्हणत नाही, ते खरंच तसं आहे.

ताई माझी थोरली बहीण. तिने जन्म काढला फिरत्या नाटक कंपनीत. ऐतिहासिक नाटकं असायची, त्यात लढाया असायच्या, आणि तलवार खेळावी तर ताईनेच. सेनापतीचं काम करणारा आजारी पडला की मिशी चिकटवून सेनापतीही तीच व्हायची. तलवार धरताना तिची करंगळी मुठीवर नसायची, अलगद बाहेर सुटलेली असायची. तालीम घेणारे ओरडून ओरडून थकले. "अहो, करंगळी आवळा! लढाई चाललीय, चहाचा कप नाही धरलेला!" ताई म्हणायची, "लोक माझ्या तोंडाकडे बघायला येत नाहीत, करंगळीकडे बघायला येतात. माझी सही आहे ती."

मग तिला झटका आला. उजवी बाजू गेली. पाय हळूहळू परत आला, बोलणं परत आलं, जीभ तर आधीपेक्षा धारदार होऊन आली. उजवा हात मात्र गेला तो गेलाच. ठेवावा तिथे पडून राहायचा. ताई त्याला पाहुणा म्हणायची. "पाहुण्याला जरा उशीवर बसव गं," असं म्हणायची आणि स्वतःच हसायची. मला त्या हसण्याचा फार राग यायचा.

एकदा दुपारी जेवणं उरकून आम्ही दोघी आडव्या झालो होतो. खिडकीतून ऊन आत आलं होतं. मला वाटलं ताईला झोप लागली, तेवढ्यात ती डोळे मिटूनच बोलली. "चिमटी, आयुष्यभर मी पत्रा हलवला. एकदा तरी खरी तलवार धरायला मिळायला हवी होती."

लहानपणी मी चिमटे काढायचे, म्हणून मी चिमटी. तिच्याशिवाय मला या नावाने हाक मारणारं आता कुणी उरलेलं नाही. मी भिंतीकडे तोंड करून पडले आणि गुपचूप रडले. माझं रडणं फार टिकत नाही, लगेच त्याचा राग होतो, आणि राग आला की मी काहीतरी करून बसते. दुसऱ्या दिवशी दुकानाला कुलूप घातलं आणि तलवारी घडवणारा माणूस शोधायला निघाले.

२

तो सापडला एका लांबट गल्लीच्या टोकाला. अलीकडे सगळी फाटकं आणि खिडक्यांचे गज बनवणारी दुकानं, कान किटतील असा ठोकाठोकीचा आवाज. त्याचं दुकान सगळ्यांच्या शेवटी आणि तिथे मात्र शांतता. आत भट्टीजवळ एक जाडजूड मांजर झोपलेलं. गल्लीत सगळे त्याला मिस्त्री म्हणत होते, म्हणून मीही मिस्त्रीच म्हटलं. अंगाने आडवा, चामड्याचा एप्रन बांधलेला, आणि सर्दीने बेजार. दर दोन वाक्यांनंतर शिंकायचा.

तलवार ताईसाठी हवी, असं मी सांगितलं. कागदावर चित्र काढून नेलं होतं. जुन्या घडणीची सरळ तलवार, पात्याच्या मधोमध उभी खाच, मुठीच्या टोकाला गोल बोंड. त्याने चित्र बघितलं न बघितलं आणि बाजूला ठेवलं.

"पातं नंतर. आधी मूठ. पातं काय हो, कुणाच्याही हातात कापतं. मूठ मात्र माणूस ओळखते."

"ओळखते म्हणजे? कुत्रं आहे का ते?"

"कुत्र्याला फसवता येतं, बाई," तो म्हणाला आणि शिंकला.

मग त्याने फडताळातून एक लाकडी दांडा काढला. त्यावर मेणाचा जाड थर होता, काळसर, गुळगुळीत. ओल्या फडक्यात गुंडाळून तो माझ्या हातात दिला. घरी न्यायचा, कोमट पाण्यात धरायचा, मेण मऊ झालं की ज्याची तलवार त्याने तो मुठीत घट्ट धरायचा. निवेपर्यंत सोडायचा नाही. बोटं, तळवा, सगळं त्यात उमटतं, आणि त्या मापाची मूठ हा करतो. मूठ झाली की तिच्या तोलाचं पातं.

"दुसऱ्या कुणाचा हात लागू देऊ नका," त्याने बजावलं.

"आणि लागला तर?"

"तर तलवार त्याची."

प्रत्येक कारागीर आपल्या कामाचं असं काहीतरी प्रस्थ माजवतोच. मीसुद्धा गिऱ्हाइकांना सांगते, घड्याळाला माणसाची सवय लागते म्हणून. मी मान हलवली आणि दांडा पिशवीत टाकला.

३

ताईला मी काही सांगितलं नव्हतं. दांडा तिच्यासमोर धरला आणि सगळं सांगितलं, तेव्हा ती लहान मुलीसारखी उठून बसली. "खरी? लोखंडाची? वेडी आहेस का गं तू?" म्हणाली, आणि डाव्या हाताने पाहुण्याला उचलून माझ्यापुढे केलं.

मी मऊ मेण तिच्या तळव्यात ठेवलं. एकेक बोट वळवून त्यावर बसवलं. सोडलं की बोट उलगडायचं. पुन्हा वळवलं. मग माझ्या दोन्ही हातांनी तिची मूठ बाहेरून आवळून धरली आणि तशीच बसून राहिले. पण मेणावर जे उमटलं ते माझ्या दाबण्याचं. तिच्या हाताचा नुसता एक पसरट खळगा पडला होता, त्यात धरणं असं नव्हतंच.

ताईने तो बघितला. "पाहुण्याला नाही जमत गं," ती हसून म्हणाली. "राहू दे. हौस झाली ना, बस्स." आणि खिडकीकडे तोंड फिरवलं. मला तिची मान दिसत होती. रंगमंचावर ती मान कधी खाली गेलेली मी पाहिली नव्हती.

तिचा डोळा लागला तशी मी स्वयंपाकघरात गेले. पाणी पुन्हा कोमट केलं, तो खळगा अंगठ्याने पुसून काढला आणि दांडा माझ्या उजव्या हातात घट्ट धरला. आमचे हात अगदी सारखे. आई दोघींना मिळून हातमोज्यांची एकच जोडी घ्यायची, जी आधी उठेल तिची. मग माप तिचं काय नि माझं काय? मेण हळूहळू निवत गेलं. मला तिथेच उभ्या उभ्या डुलकी आल्यासारखं झालं, हात छान ऊबदार झाला होता, सोडावासा वाटेना.

"बघ, आला की हात!" मी बाहेर येऊन तिला उठवत म्हणाले. "दुसऱ्यांदा बरोबर उमटला. तुला डोळा लागला होता, तेवढ्यात धरलास तू."

ताईने डाव्या हाताच्या बोटांनी एकेक खळगा चाचपला. तिचा चेहरा असा उजळला की माझ्या खोटेपणाची मला काडीचीही लाज वाटली नाही.

"पण करंगळी का आवळलीय?" तिने विचारलं.

"झोपेत कुठली आलीय सही?" मी म्हणाले.

४

मिस्त्रीने मेण उजेडात धरून बराच वेळ फिरवून पाहिलं. "ताई बारीक काम करतात का? अंगठ्याच्या टोकाशी घट्टा आहे."

तो चिमट्याचा घट्टा. घड्याळाचे स्क्रू उचलून उचलून पडलेला. "भरतकाम करायची," मी ठोकून दिलं.

"असेल," तो म्हणाला आणि मेण फडक्यात गुंडाळलं. मांजराने डोळा उघडून माझ्याकडे बघितलं आणि पुन्हा मिटला.

त्यानंतरच्याच एका दुपारी ते झालं. ताई झोपली होती. मी पडदा सारून आत आले तर पाहुणा हलत होता. ती गाढ झोपेत, श्वास संथ, आणि उशीवर ठेवलेल्या उजव्या हाताचा अंगठा बोटावर घासत होता. एवढासा फिरायचा, थांबायचा. पुन्हा एवढासा फिरायचा, थांबायचा.

मी ओरडलेच. ताई जागी झाली, तिने बघितलं, आणि आम्ही दोघी एकमेकींच्या गळ्यात पडून रडलो. डॉक्टर आले, त्यांनी हात हलवून बघितला, टाचणी टोचली. ताई "आई गं!" म्हणाली, तर तेच आनंदाने ओरडले. असं होतं कधीकधी म्हणाले, इच्छाशक्ती म्हणाले. मी दुकानात येईल त्याला सांगत सुटले. त्या दिवशी मी इतकी आनंदात होते की एका गिऱ्हाइकाचं घड्याळ दुसऱ्याला देऊन बसले.

आनंद ओसरल्यावर मला आठवलं, ती हालचाल मी कुठेतरी बघितली होती. रोज बघते. हातघड्याळाला किल्ली देताना शेवटी जरा अडतं, तिथे मी क्षणभर थांबते. जोर केला तर स्प्रिंग तुटते. ताईचा अंगठा तसाच थांबत होता. ताईने उभ्या आयुष्यात कधी घड्याळाला किल्ली दिलेली नाही, तिचं घड्याळ नेहमी बंदच असायचं.

मग मीच मला झापलं. अंगठा हलला तर तो असा हलणार नाहीतर कसा हलणार? बोटाला येऊन येऊन किती चाली येणार?

५

माझ्या हातून स्क्रू पडायला लागले. आधी एखादा, मग रोजच. चिमट्यात धरलेला स्क्रू दिसायचा, पण बोटांना लागायचा नाही. दुपारी झोपून उठलं की उजवा हात आपला नसल्यासारखा बाजूला पडलेला असायचा, डाव्या हाताने उचलून मांडीवर घ्यावा लागायचा. मुंग्यासुद्धा यायच्या नाहीत. नुसतं काही नाही.

त्याच डॉक्टरांना दाखवलं. "मान," ते म्हणाले. "वाकून काम करता ना? मग ही बक्षिसी." त्यांनी गळ्यात पट्टा अडकवला. मला ते पटलं. आमच्या धंद्यात सगळ्यांची मान जाते. मला कारण लागतं, आणि मान हे चांगलं कारण होतं. चाकाचे दात चाकात अडकलेले असतात म्हणून चाक फिरतं. इथे माझा हात आणि ताईचा हात, मध्ये एक आख्खी खोली.

ताई झपाट्याने सुधारत होती. चमचा धरला, बटणं लावली, दाराची कडी काढली. सगळं कसं नेमकं, हळुवार. एकदा नाकाशी बोटं नेऊन म्हणाली, "चिमटी, माझ्या हाताला तुझ्या त्या घड्याळाच्या तेलाचा वास का गं येतो?"

"माझ्याच हाताचं जेवतेस ना," मी म्हणाले.

त्या आठवड्यात मी तिची नखं कापायला बसले. डाव्या हातात कात्री, म्हणून सावकाश कापत होते. उजव्या अंगठ्याच्या टोकाशी मला काहीतरी टणक लागलं. मी तो उजेडात धरला. मग माझा अंगठा बघितला. तो मऊ होता, लोण्यासारखा.

"काय झालं?" ताईने विचारलं.

"काही नाही, धार गेलीय कात्रीची," मी म्हणाले.

६

गल्लीत पोचले तेव्हा मला धाप लागली होती. मूठ तयार होती, पातं तिला बसवलेलं होतं, अजून मळकट, करडं. मिस्त्रीने ती माझ्यापुढे धरली. मी हात लावला नाही. उभ्या उभ्या सगळं सांगून टाकलं, मेण, स्वयंपाकघर, स्क्रू, घट्टा. सांगताना माझं मलाच हसू आलं आणि रडूही आलं.

तो हसला नाही. नाक पुसलं आणि मांजराला पायाने जरा बाजूला सारलं.

"पाणी द्यायचं राहिलंय," तो म्हणाला. "तापवून पाण्यात बुडवायची. तोवर लोखंड ऐकतं. तोवर मूठही फोडता येते. एकदा पाणी दिलं की ठरलं. मग मलाही काही करता येत नाही."

"मूठ फोडली तर काय होईल?"

"नवी करून देईन."

"ते नाही हो विचारत मी!"

"बाई, मी लोखंडाचं सांगतो," तो हळू आवाजात म्हणाला. "बाकीचं मला विचारू नका. घरी जा, विचार करा. संध्याकाळी भट्टी तापलेली असेल. फोन करा. फोड म्हणालात तर फोडतो, पाणी दे म्हणालात तर देतो."

वाटेत मी ठरवलं होतं, फोड म्हणायचं. माझं पोट या हातावर. ताईचंही. उद्या दुकान बंद पडलं तर दोघींनी खायचं काय? आणि हे सगळं खोटं असेल, तर मूठ फोडून बिघडतंय काय? असा सगळा हिशेब नीट जुळवून मी घरात शिरले.

ताई आरशासमोर उभी होती. केस मोकळे सोडलेले, उजव्या हातात कंगवा. कपाळापासून खाली पाठीवर, एकेक बट सोडवत ती विंचरत होती आणि जुन्या नाटकातलं काहीतरी गुणगुणत होती. आजारी पडल्यापासून तिचे केस मीच विंचरत होते, आणि माझा हात जड, ती रोज ओरडायची. तिने मला आरशातच बघितलं.

"पाहुणा घरचा झाला गं, चिमटी," ती म्हणाली.

मी दुकानात गेले आणि पडदा नीट ओढून घेतला. डाव्या हाताने फोन उचलला. मिस्त्रीने हॅलोसुद्धा म्हटलं नाही.

"द्या पाणी," मी म्हणाले.

त्याने फोन कुठेतरी ठेवला. थोडा वेळ काहीच नाही. मग लांबून चर्र असा आवाज आला, बराच वेळ येत राहिला. माझा उजवा हात टेबलावर होता. त्याला गार वाटलं, खूप बरं वाटेल असं गार, आणि मग काहीच वाटलं नाही.

७

हात मी शालीत गुंडाळून ठेवायला लागले. ताईला सांगितलं, डॉक्टरांनी मान शेकायला सांगितलीय, खांदा उघडा टाकायचा नाही. दुकान बंदच होतं. किल्ली द्यायला कुणी नाही, त्यामुळे भिंतीवरची घड्याळं एकेक करून थांबत गेली. पहिल्या पहिल्यांदा दर थांबण्यासरशी मला जाग यायची. मग थांबायला काही उरलं नाही आणि मी दुपारभर झोपू लागले.

तलवार आली. मिस्त्रीने स्वतः आणली, दारातच दिली, आत आला नाही. आता ती चकचकीत होती, खिडकीतलं ऊन पात्यावरून छतावर हलत होतं. ताईने ती म्यानातून काढली. खोलीच्या मधोमध उभी राहिली, डावा पाय पुढे, खांदा खाली, हनुवटी वर. ती वीस वर्षांनी लहान झाली. मला वाटलं, गेला तर गेला हात, या एका उभं राहण्यासाठी गेला.

"उचल," मी म्हणाले.

तिने उचलली. मूठ हातात इतकी चपखल बसली होती की फट म्हणून दिसेना. पाचही बोटं आवळलेली. तिने वार करायला घेतला आणि तलवार मध्येच थांबली, टोक खाली झुकलं. पुन्हा केला, पुन्हा तेच. पाय बरोबर पडत होते, कंबर बरोबर वळत होती. हाताला मात्र काही माहीत नव्हतं. तो तलवार जपून धरून होता, काच धरावी तशी, आणि अंगठा मुठीवर घासत होता. एवढासा फिरायचा, थांबायचा.

"दमली असशील," मी म्हणाले.

ताईने तलवार पलंगावर ठेवली, तिच्याशेजारी बसली आणि हाताकडे बघत राहिली. मी आडवी झाले. मला तिच्याकडे बघवत नव्हतं. डोळे मिटले आणि झोप लागली.

जाग आली ती टिकटिकीने.

पडद्यापलीकडे एक घड्याळ चालू होतं. मग दुसरं सुरू झालं. मग तिसरं, त्याचं पहिल्या दोघांशी पटत नव्हतं. मी पलंगावर पडून ऐकत राहिले, स्वप्न असेल तर मोडू नये म्हणून. शेवटी उठले आणि पडदा सारला.

ताई माझ्या स्टुलावर बसली होती, माझ्यासारखीच वाकून. समोर एक घड्याळ उघडं पडलेलं. उजव्या हातात चिमटा, चिमट्यात केसाएवढी स्प्रिंग, आणि हात जराही कापत नव्हता. तो झरझर काम करत होता. ताई मात्र त्याच्याकडे बघत नव्हती. मान वळवून, पांढरीफटक पडून, ती पडद्याकडे, म्हणजे माझ्याकडे बघत होती.

"चिमटी," ती म्हणाली, "मला घड्याळातलं काय कळतं गं?"

मी शाल आणखी घट्ट ओढून घेतली.

"शाल काढ."

"थंडी वाजतेय मला."

"काढ म्हणते ना!" हा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत पोचायचा. मी जागची हलले नाही. मग तिने चिमटा खाली ठेवला, उठली, माझ्यापाशी आली आणि तिनेच शाल बाजूला केली.

इतके दिवस तो हात निपचित होता. मी त्याला धुवायचे, पुसायचे, गुंडाळून ठेवायचे. आत्ता त्याची मूठ वळलेली होती. कशाभोवती तरी धरलेली, पोकळ, घट्ट. चार बोटं आत होती. करंगळी तेवढी सुटी होती, अलगद, बाहेर.

ताई खाली बसली, माझ्या गुडघ्याशी. बराच वेळ ती त्या करंगळीकडे बघत राहिली, मग तिने उजवा हात पुढे करून ती हळूच धरली.

माझ्या करंगळीला काहीच कळलं नाही. पण ती किती गार पडलीय, ते मला ताईच्या बोटांतून जाणवलं.